हिरवट झाक

"लाकडाला हात लावायच्या आधी त्याला पाण्याचा थेंब पाजून बघ, पोरी. प्यायलं तर वाळलं. थेंब अंगावर तसाच धरून बसलं, तर वाटेला जाऊ नको त्याच्या."

आबांचे, तिच्या आजोबांचे, हे बोल वनितानं नऊ वर्षांची असताना ऐकले होते. आबा गेले, आणि त्यांची पळसदरीची सुतारकामाची शेड तिनं चालवायला घेतली. पोरगी काय सुतारकी करणार, असं म्हणणारे म्हणत राहिले. आणि आता तलावाकाठच्या रिसॉर्टची आठ बाकं... तिच्या स्वतःच्या नावावर आलेलं पहिलं मोठं काम!

लाकूड घेऊन नेहमीचा टेंपोवाला आलाच नाही. बदली आला तो कडावचा हर्षद. कुजू नये म्हणून औषध मुरवलेलं, हिरवट झाक असलेलं लाकूड. वनितानं फळीवर थेंब टाकला. थेंब टपोरा बसून राहिला.

"ओलं हाय. आठ दिस वाळवावं लागंल."

"लाकडाला पण तहान लागती व्हय?"

"लागती. माणसापरीस खरी लागती."

तो हसला... आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. म्हणे, रस्ताच हा. कडाव तर पार उलट्या अंगाला! थेंब मुरू लागले, तशी नाकाला फडकं बांधून वनिता काचपेपर फिरवायला बसली, आणि ओठांवर ओवी आली —

*हलक्या गं हातानं, फळी घासते घासते,*
*वळणाच्या टेंपोला, कान देऊन हासते...*

"टेंपो कुणाचा गं?" दारातून आवाज आला.

"ओवीतला!" ती म्हणाली; पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

एके दिवशी ती स्क्रू आणायला कर्जतला गेली. परतली, तर शेडमध्ये घासायची मशीन घरघरतेय आणि हर्षद भुश्शानं माखलेला. समोरचं बाक दुधासारखं पांढरं!

"आधी तोंड धू! त्या भुश्शात औषध असतं, येड्या!" ती ओरडली. मग बाकावरून हात फिरवला.

"गुळगुळीत झालं... मला वाटलं, तू खूश होशील —"

"वरची कुसळं तेवढी काढायची असतात, हर्षद. औषध ह्या वरच्या थरातच जास्त. तू त्याची कातडीच सोललीस. पाण्याकाठी हे कुजणार."

दोन दिवस तिनं त्याच्याकडं पाठ करूनच काम केलं. तो मात्र यायचा, मुकाट्यानं फळ्या उचलू लागायचा.

शनिवारी रिसॉर्टचे मॅनेजर आले. सात हिरवट बाकांवरून त्यांची नजर पांढऱ्यावर थबकली. "वा! सगळी अशीच द्या. नाहीतर शिळफाट्याला दुसरा माणूस आहे माझा."

हो म्हटलं, की काम पदरात. वनितानं मान ताठ केली.

"नाय जमणार, साहेब. माझ्या नावाचं बाक दोन पावसाळ्यांत कुजलेलं मला नाय चालणार."

"मग हे एक असं कसं केलंत?"

हर्षद पुढं झाला. "तिनं नाय, मी केलं. ह्यातलं काय कळत नसताना मशीन धरली. तिचं काम बघायचं तर ही सात बघा."

मॅनेजर सातही बाकांवरून तळवा फिरवत गेले. कुठं कुसळ नाही, कुठं खरखर नाही. "ही न्यायला सोमवारी गाडी पाठवतो," ते म्हणाले. "आठवंही असंच हिरवट करून द्या."

गाडी दिसेनाशी झाली. हर्षदनं टेंपोची चावी काढली. "तुझं काम जाता जाता राहिलं माझ्यापायी. आता नाय येत मी."

"थांब रं."

तो थांबला. तिनं नाकावरचं फडकं खाली ओढलं.

"साहेबापुढं 'मी केलं' म्हणालास ना... लई अभिमान वाटला मला तुझा. आन् —" तिनं खाली बघितलं, मग सरळ त्याच्या डोळ्यांत. "तू आवडतोस मला. लई दिस झाले. ताठ्यापायी बोलले नाय."