आल्टोचा बाक

पहिला बाक

पाइनच्या फळ्यांचं आमचं चर्च. त्यात गाणारे चौकोन करून बसतात. चार बाजूंना चार सूर, मधल्या रिकाम्या जागेत ताल देणारा. नवं गीत असलं की शब्द मागाहून; आधी नुसते फा, सोल, ला, मी. सूर बसले की मग कडवी.

माझा नवरा ॲस्बरी उपदेशक. गीतं तोच रचतो, पुस्तकंही तोच काढतो. आमची लेक डोवी आल्टोत, म्हणजे बायकांच्या खालच्या सुरात, कडेच्या जागेवर बसायची.

त्या हिवाळ्यात तिचा घसा धरला. ताप उतरेना. ॲस्बरीने तिच्या उशाशी बसून एक गीत लिहिलं आणि बर्मिंगहॅमला छापायला धाडलं. पुस्तक आलं. त्या पानावर सुरांच्या तीनच ओळी होत्या.

"आल्टो कुठाय?"

"जुन्या गीतांना नसायचीच, केझाया."

"तुझ्या गीतांना असते. पोरगी जिवंत आहे अजून."

त्याने पुस्तक मिटलं.

दुसरा बाक

डोवी वाचली. आवाज गेला. कुजबुजसुद्धा उरली नाही.

तिसरा बाक

मे महिन्यातल्या गायनाला ती हट्टाने आपल्या जागेवर जाऊन बसली. गीत तेच तीन ओळींचं, म्हणून बाकीच्या आल्टोवाल्या हाताची घडी घालून.

"पाळकबुवा," बेसच्या, म्हणजे खर्जातल्या पुरुषांच्या बाकावरून म्हातारा होझिया म्हणाला, "बायकांना आज नुसतं आमचं तोंड बघायला बसवलंय होय?"

"तुझं तोंड कोण बघतंय!" डोवीशेजारची कॉर्डी म्हणाली. "आम्ही डोळे मिटून घेतो."

ॲस्बरीने हात खाली आणला. फा, सोल, ला.

चौथा सूर लागला.

होझियाने पुस्तकातून मान वर केली. आल्टोतल्या बायकांची तोंडं मिटलेली होती. डोवीचंही. सूर तिच्या जागेवरून येत होता आणि तिचाच होता, 'ला'वर किंचित चढणारा.

डोवीने गळा चाचपला. मग बापाकडे बघत हवेत बोट फिरवलं. लिहा. माझी ओळ लिहा.

चौथा बाक

त्याने लिहिली. ऐकली तशी, सूर न् सूर; शब्द त्या ओळीत नव्हतेच. नव्या आवृत्तीत चार ओळी आल्या.

यंदाच्या गायनाला, सुरांच्या पहिल्याच फेरीत, डोवीने तोंड उघडलं आणि ती गायली. खरंच गायली. होझिया लहान पोरासारखा रडला. मीही. कडव्यांची कुणाला शुद्धच राहिली नाही. तिला मिठ्या मारत सगळे बाहेर ओकच्या झाडाखाली जेवायला आले.

मी मक्याची भाकरी मोडली. "काय वाढू गं, बाळा?"

"ला, सोल, ला."

"पुरे की आता," कॉर्डी हसली. "जेव आधी."

"फा, ला, सोल..."

डोवीने दोन्ही हात तोंडावर दाबले. बोटांच्या फटींतून सूर येतच राहिला. गोड, अगदी तालात. तिचे डोळे वाहत होते.

"ॲस्बरी," मी म्हणाले.

तो ताटात बघत होता. टेबलाखाली त्याचा पाय ताल देत होता.