कॅलमची बाइंडिंग

विरेमूने नवी स्की फ्रानच्या वर्कशॉपमधल्या टेबलावर आडवी ठेवली आणि हातातला अर्धा चीज स्कोन तिच्यापुढे धरला. "घे. आणि हिच्यावर काय बसवायचं ते सांग."

फ्रानने भिंतीकडे बोट केलं. लोखंडी रेलवरून घसरणाऱ्या, बर्फावरून उंच उड्या मारणाऱ्या स्की-पार्कमधल्या पोरांसाठी भक्कम, रुंद बाइंडिंग नुकतीच आली होती. बुटाला स्कीशी जखडून ठेवायचं आणि पडताना वेळेवर सोडायचं, एवढंच बाइंडिंगचं काम. पण ती किती आवळायची, म्हणजे तिचा काटा कितीवर ठेवायचा, यावरून न्यूझीलंडमधल्या या वानाकात दर हिवाळ्यात, जुलै-ऑगस्टमध्ये, वाद होत. सैल ठेवली तर धक्क्याने स्की भलत्या वेळी निसटते. फार आवळली तर पडल्यावर सुटत नाही आणि गुडघा जातो.

"ही नको. कॅलमची देशील?"

कॅलम फ्रानचा धाकटा भाऊ. गेल्या ऑगस्टमध्ये ऐन उडीच्या टोकावर त्याची स्की पायातून निसटली आणि तो मानेवर आपटून जागीच गेला. आदल्याच दिवशी तो याच टेबलाला टेकून मागे लागला होता, "अकरावर ने ना गं, फ्रॅनी. आठवर काय, आजीबाई स्की करतात." तिने वजन-उंचीचा तक्ता पाहिला आणि आठच ठेवलं. वर 'आलाय मोठा शहाणा' असं सुनावलंही. तक्ता बरोबर होता. तिला कुणी बोल लावला नाही. ते काम ती वर्षभर स्वतःच करत होती.

"ने," ती म्हणाली. "त्यालाही आवडेल."

विरेमूचं पाऊल कॅलमपेक्षा मोठं. फ्रानने टाचेचा भाग मागे सरकवला, काटा आठवर आणला, बुटाला पीळ देऊन तो सुटतो याची खात्री केली. स्क्रूच्या भोकांतला गोंद नीट सुकावा म्हणून स्की ठेवून घेतली. शनिवारी घेऊन जा, म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी टाचेचा खटका मिटलेला होता.

तो हाताने मिटत नाही. वरून बुटासकट माणसाचा भार पडावा लागतो. टाचेचा भागही पुढे आलेला होता आणि काटा अकरावर होता. वर्कशॉपची किल्ली फक्त तिच्याकडे होती. तिने पुन्हा सगळं जागेवर आणलं, आणि पुढच्या सकाळी पुन्हा तेच. मग तिने पट्टी लावून पाहिलं. लांबी कॅलमच्या बुटाची होती. त्याचे बूट हीटरवरच्या फळीवर तसेच पडून होते. आईला ते घरात नको होते.

तेव्हाच ती बाइंडिंग उतरवायला हवी होती. विरेमूला फोन करून नवी घे म्हणायला हवं होतं. फ्रानला हे कळत नव्हतं असं नाही. पण वर्षभरात पहिल्यांदाच तिला त्या खोलीत एकटं वाटत नव्हतं. तिसऱ्या सकाळी तिने कॉफीचे दोन मग भरले.

"आलास का रे?" तिने हळूच विचारलं. खटका मिटलेलाच होता.

शनिवारी तिने विरेमूच्या डोळ्यांदेखत आठ लावलं.

"चेहरा का असा पाडलायस?" तो म्हणाला. "काही गडबड आहे का?"

"कुठे काय. पळ, लिफ्टला रांग लागेल."

दुपारी डोंगरावरून फोन आला.

प्रथमोपचाराच्या खोलीत विरेमूचा चेहरा राखेसारखा झाला होता. गुडघ्याला फळ्या बांधल्या होत्या. "सुटलीच नाही गं," तो म्हणाला. "मी पडलो, पाय पिळत गेला, तरी सुटली नाही. बूट काढायला दोघं लागले. आठच होतं ना?"

"आठच होतं."

विरेमूने मान तिच्याकडे वळवली. "हसू नकोस. उडीवर होतो ना, तेव्हा वाटलं, बुटात माझ्याबरोबर आणखी कुणाचा तरी पाय आहे."

फ्रान हसली नाही. कोपऱ्यात त्याची स्की उभी होती. तिने वाकून काटा पाहिला.

अकरा.

संध्याकाळी ती वर्कशॉपवर परत आली. दुपारपासून हीटर बंद होता, खोली गारठली होती. सगळं संपवायचं ठरवून तिने कचऱ्याची पिशवी घेतली आणि फळीवरून कॅलमचे बूट खाली काढले. वर्षभराची धूळ त्यांच्यावर जशीच्या तशी होती.

तिने आत हात घातला.

आतलं अस्तर कोमट होतं, घामाने ओलसर. पाय आत्ताच बाहेर काढल्यासारखं.

कचऱ्याची पिशवी तिने हातातून खाली ठेवली. मग तिने हीटर लावला, बुटांचे पट्टे सैल केले आणि त्यांची तोंडं उबेकडे वळवून ठेवली, तो पार्कमधून यायचा तेव्हा रोज ठेवायची तशी.