न प्यालेली कॉफी

त्याने कॉफीचा कप हातात घेतला आणि एक घोटही न घेता टेबलावर ठेवून दिला... झालं.

जॉर्डनमधल्या इरबिदमध्ये वाढलेल्या मुलीला याचा अर्थ सांगावा लागत नाही. मुलीला मागणी घालायला आलेले पाहुणे कप असाच ठेवतात, मागणं मान्य होईपर्यंत पीत नाहीत आणि यजमान ‘कॉफी प्या’ म्हणाले, की तो होकार. पण हा काही आमचा दिवाणखाना नव्हता. ही ऑपरेशन थिएटरशेजारची चहाची खोली होती, मी भूल देणारी डॉक्टर आणि हा कुतैबा, माझं भुलीचं यंत्र तपासायला आलेला इंजिनिअर. सकाळी जिन्यात त्याच्या हातातल्या नळ्यांत माझ्या कोटाचं बटण अडकलं होतं, तेवढीच काय ती ओळख.

“माझं एक मागणं आहे, डॉक्टर बतूल.”

थोरल्या सिस्टर, उम्म लैस, कपाटात तोंड घालून हसत होत्या. गडबडीत माझ्या तोंडून निघून गेलं, “कॉफी प्या.”

“अहो, आधी ऐकून तर घ्या! ऑपरेशन चालू असताना तुमच्या यंत्राच्या नळीवर श्वास मोजायचं माझं मीटर लावू द्याल?”

मीटर. मला राग आला, पण कोणाचा ते कळेना.

“लावा,” मी म्हटलं आणि उठले. उम्म लैसनी त्याचा कप उचलला, आत पाहिलं आणि तसाच नेला.

मीटरची गरज मात्र खरीच होती. यंत्र पेशंटच्या छातीत जेवढा श्वास सोडायचं, त्याहून कमी परत आल्याचं दाखवायचं. गळती तर कुठेच नव्हती. मोठ्या माणसाचं एक वेळ निभावतं, पण गुरुवारी एका तान्ह्या बाळाचं ऑपरेशन होतं. तिथे आकडा चुकला तर कोवळ्या फुप्फुसांवर बेतणार होतं.

तो रोज येऊ लागला.

“नळ्या ठीक, पेशंट ठीक... मग चुकतंय कोण?” मी विचारलं.

“कोणीच नाही. या यंत्राला कोरड्या हवेवर मोजायला शिकवलंय. इथे भुलीचा वायू येतो, श्वासाची वाफ येते — बिचारं गोंधळतं.”

“बिचारं?”

“समोर सवयीबाहेरचं काही आलं, की माणूसही गोंधळतो, डॉक्टर.”

हे यंत्राबद्दल होतं, की...? मी मॉनिटरकडेच बघत राहिले. तो मला आवडायला लागला होता. आणि आकडे जुळले, की तो यायचा बंद होणार होता. आकडे तर जुळायलाच हवे होते. मला नक्की काय हवंय तेच मला कळेना.

“पोरी, यंत्र सुधारतंय,” उम्म लैस म्हणाल्या, “तू मात्र बिघडत चाललीस.”

बुधवारी त्याने नवा सेन्सर बसवला, वाफ साचणार नाही अशी नळी वळवली, यंत्राला आमच्या वायूंची ओळख करून दिली. जेवढा श्वास आत, तेवढाच बाहेर. “छान झालं,” मी म्हटलं, अगदी कोरडेपणाने.

गुरुवारी बाळाची इवलीशी छाती वरखाली होत राहिली आणि आकडे शेवटपर्यंत जुळत राहिले. जागं झाल्यावर बाळाने जे भोकाड पसरलं, ते ऐकून सगळ्यांचे चेहरे फुलले. कुतैबाने आपली पेटी आवरली.

चहाच्या खोलीत उम्म लैसनी कॉफी दिली. त्याने कप घेतला... आणि खाली ठेवला.

“आता कुठलं मीटर?”

“मीटर नाही.” तो स्वतःच्या बोटांकडे बघत होता. “हा कप तुमच्या वडिलांसमोर ठेवायचा असतो, ठाऊक आहे मला. उद्या माझ्या काकांना घेऊन तुमच्या घरी येणार आहे... पण मी काहीही आधी तपासल्याशिवाय जोडत नाही. तुमच्याच मनात नसलं तर?”

“पण त्या दिवशी मी ‘कॉफी प्या’ म्हटलंच होतं की. मीटर तर मिळालं तुम्हाला.”

“हो. पण मी प्यालो कुठे होतो? खरं मागणं तर बाकीच होतं.”

मी उम्म लैसकडे पाहिलं. “भरलेला कप परत नेला मी,” त्या म्हणाल्या. “तेव्हाच समजले. तुलाच उशीर लागला.”

इतक्या दिवसांचा माझा गोंधळ एका कपात मावला होता तर! कॉफी गार होत चालली होती.

“कुतैबा —” त्याचं नुसतं नाव मी पहिल्यांदाच घेतलं. “कॉफी पी.”

या वेळी उम्म लैसनी कप उचलून आत पाहिलं, तेव्हा तळाशी फक्त गाळ उरला होता.