तळ्याच्या बाजूचं दार

लमार टीगचा धंदा जाळ्यांचा. फ्लोरिडाच्या मधल्या पट्ट्यात जमीन कमी आणि पाणी जास्त; जिथं पाणी तिथं डास. घरामागच्या पडवीला अॅल्युमिनियमची चौकट उभी करायची, वरपासून खालपर्यंत जाळी ताणून बसवायची, की डास बाहेर आणि माणसं आत. तीस वर्षं त्यानं हेच केलं होतं. गुडघे गेले होते, पण नजर शाबूत होती. चौकट केसभर वाकडी असली तरी त्याला लांबून दिसायची.

ऑगस्टमध्ये एका मंगळवारी तो आर्डिथ कॉली नावाच्या बाईंच्या घरी मापं घ्यायला गेला. घर गावाच्या शेवटाला, कच्च्या रस्त्याच्या टोकाशी. पुढं ओकची जुनी झाडं, फांद्यांवरून राखाडी शेवाळाच्या जटा लोंबलेल्या. मागं सिमेंटची मोकळी पडवी, तिथून उतरतं गवत, आणि गवत संपतं तिथं तळं. दुपारचा पाऊस नुकताच पडून गेला होता. जमिनीतून वाफ निघत होती आणि तळ्याकडून कुजलेल्या देठांचा वास येत होता.

बाई पंचाहत्तरीच्या. अंगानं काटकुळ्या, पण आवाज खणखणीत. पायाशी एक म्हातारा तपकिरी शिकारी कुत्रा. एक कान फाटलेला, मागच्या पायांत संधिवात.

"हा मोझेस," त्या म्हणाल्या. "पिल्लू असताना आमच्या ह्यांना पाण्याच्या कडेला सापडला, बायबलातल्या मोझेससारखा, म्हणून मोझेस. पडवी त्याच्यासाठीच करायचीये. मला डास चावून चावून दमले आता."

लमार हसला. तिकडं वयस्क बायकांना, लग्न झालेलं असलं तरी, आदरानं 'मिस' म्हणायची रीत होती. "मग साहेबांनाच विचारतो, मिस आर्डिथ. काय काय हवंय?"

दोघांनी कागद पसरून आराखडा काढला. खालची तीन फूट जाळी जाड, नखांनी न फाटणारी. एका कोपऱ्यात मोझेसची जागा: जमिनीपासून वीतभर उंच फळी, म्हणजे सांध्यांना गारवा लागणार नाही, खाली धुता येईल असा उतार, शेजारी पाण्याचा नळ. घराच्या कडेला कुंपण घातलेला तुकडा होता, तिकडं उघडणारी एक छोटी झडप, म्हणजे म्हाताऱ्याला मोकळं व्हायला लांब जायला नको.

"आणि तळ्याच्या बाजूला दार नकोच," लमार म्हणाला. "सरळ बंद करून टाकू. मगरी आहेत ना?"

बाईंचा चहाचा ग्लास ओठांपाशी थांबला.

"आहेत. पण दार हवंय. तिकडं दार ठेवलं नाही तर... त्याला वाटेल, मी त्याला बाहेर काढलं."

"मोझेसला?"

"बर्लला. माझ्या नवऱ्याला."

मग त्यांनी सांगितलं. गेल्या सप्टेंबरात संध्याकाळी मोझेस एका पाणपक्ष्यामागं तळ्यात शिरला आणि वेलींत अडकला. बर्ल होडी घेऊन त्याला आणायला गेला. अर्ध्या तासानं कुत्रा परत आला. होडी दुसऱ्या दिवशी सापडली. शेरीफच्या माणसांनी आठवडाभर पाणबुडे उतरवले, गळ टाकून तळ ढवळला. टोपी मिळाली. बस.

"तेव्हापासून हा दर दिवेलागणीला पाण्याकडं जातो," त्या म्हणाल्या. "बर्ल शीळ घालून बोलवायचा ना त्याला... दोन सूर. एक खाली, एक वर. मला अजून ऐकू येते. तुम्ही म्हणाल, म्हातारीचं डोकं फिरलंय."

"तसं काही म्हणत नाही मी," लमार म्हणाला. त्याची बायको जाऊन चार वर्षं झाली होती. स्वयंपाकघरात बरणी ठेवल्याचा आवाज त्यालाही अधूनमधून यायचा. ते त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं.

मापं संपेपर्यंत सूर्य झाडांआड गेला. टेप गुंडाळत असताना मोझेस उठला. दुपारभर लंगडणारा तो कुत्रा ताठ मानेनं, न लंगडता, गवतातून सरळ खाली निघाला. बाई ओरडल्या. लमार धावला. कुत्र्याचे फक्त पुढचे दोन पंजे पाण्यात गेले होते; त्यानं गळपट्टा धरून त्याला मागं ओढलं. मोझेस शेपटी हलवत होता. समोर नुसतं काळं पाणी आणि कमळाची पानं.

लमारनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि लगेच काढला. डोकं चिंब होतं. पाण्यात पंजे बुडाले होते, डोकं नाही. आणि कपाळापासून मानेपर्यंत ओल्या केसांत पाच भांग पडले होते, कुणी मायेनं बोटं फिरवावीत तसे.

त्यानं ते बाईंना सांगितलं नाही. "उद्यापासून काम सुरू करतो," एवढंच म्हणाला. खरं तर त्याच्याकडं दोन आठवडे सवड नव्हती.

कामाला नऊ दिवस लागले. रोज दुपारी बाई भुईमुगाच्या उकडलेल्या शेंगा आणून ठेवायच्या आणि शेजारी बसून चुका काढायच्या.

"तो खांब वाकडा आहे."

"खांब सरळ आहे, मिस आर्डिथ. तुमची खुर्ची वाकडी आहे."

"बर्लसुद्धा असंच उलट बोलायचा." एवढं बोलून त्या तळ्याकडं बघायच्या. तिसऱ्या दिवसापासून त्या त्याला 'तू' म्हणायला लागल्या. त्यालाही ते बरं वाटलं. दिवेलागणीच्या आत मात्र त्या त्याला घरी पिटाळायच्या. "जा आता. रस्ता खराब आहे." मोझेसला आत बांधून ठेवते, असंही सांगायच्या.

नवव्या दिवशी सकाळी लमार जरा लवकर आला. मागच्या पायरीवर बाईंचे बूट होते. आत चिखल, काठोकाठ. दोरीवर त्यांचा स्कर्ट वाळत होता. त्यावर गाळाची रेघ उमटली होती, पार कमरेपर्यंत. खालच्या काठाला दातांनी फाटलेली भोकं होती.

बाई दारात उभ्या होत्या. लमार काय बघतोय ते त्यांनी पाहिलं.

"मोझेस बांधलेला असतो ना?" त्यानं हळूच विचारलं.

"बांधवत नाही रे. रडतो तो..." त्या खुर्चीत बसल्या. हात मांडीवर एकमेकांत घट्ट धरले. "तो जातो. मग मी त्याला आणायला जाते. आणि पाण्यात पाय पडले की... कशाला आले होते तेच विसरते. थंडगार बरं वाटतं. काल कमरेपर्यंत गेले. त्यानंच ओढलं मला. स्कर्ट दातांत धरून मागं मागं. म्हातारा, अकरा वर्षांचा..."

"म्हणजे जाळी मोझेससाठी नाहीच."

"दोघांसाठी आहे," त्या म्हणाल्या. "मला मरायचं नाहीये, लमार. त्याला कुणी खाऊ घालायचं? पण ती शीळ आली की माझं मला काही सुचत नाही."

लमारनं त्या दिवशी हातातलं काम दुप्पट काळजीनं केलं. तळ्याकडच्या दाराला आतून पितळी कडी लावायची होती. ती त्यानं उंच, पार वरच्या आडव्या पट्टीपाशी लावली, म्हणजे बाईंचा हात टाचा उंचावूनही सहज पोचू नये. तेवढा वेळ मिळाला तर माणूस शुद्धीवर येतो, असं त्याला वाटलं. जाळीचे काठ चारही बाजूंनी रबरी दोरीनं ठासून बसवले. काम पाचला संपलं. बाई म्हणाल्या, "जा आता."

"आज थांबतो," तो म्हणाला. "पहिली संध्याकाळ आहे. जाळी कशी बसलीये ते बघायला हवं."

त्या आत जाऊन त्याच्यासाठी कॉफी घेऊन आल्या.

उजेड जाळीतून गाळल्यासारखा कमी कमी होत गेला. बेडूक ओरडत होते. मोझेस आपल्या फळीवर पडून होता. मग बेडूक एकदम थांबले, सगळे एकदम. आणि तळ्याकडून शीळ आली.

दोन सूर. एक खाली, एक वर.

या वेळी ती लमारलाही ऐकू आली. मोझेस दारापाशी जाऊन जाळीला नाक लावून कुईंकुईं करू लागला. बाई उठल्या. डोळे उघडे होते, पण त्यांत ओळख नव्हती. त्या दाराशी गेल्या, टाचा उंचावल्या, हात वर केला. बोटं कडीपासून दोन इंचांवर चाचपडत राहिली.

"मिस आर्डिथ," लमार म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच परका वाटला. "कॉफी निवतेय."

शीळ पुन्हा आली.

"मिस आर्डिथ... मोझेसचं जेवण राहिलंय."

त्यांचा हात हळूहळू खाली आला. त्यांनी मोझेसकडं पाहिलं, मग लमारकडं. आणि तेवढ्यात ओल्या गवतातून पावलं ऐकू आली. जड, पाणी निथळणारी. पडवीच्या कडेशी येऊन थांबली. बाहेर कुणीच दिसत नव्हतं. पण दाराच्या जाळीला, छातीच्या उंचीवर, एक खळगा पडला. जाळी आत आली, हळूच, तळहाताएवढी. पाच बोटांच्या जागी पाण्याचे पाच ओघळ खाली उतरले.

बाईंनी आपला हात त्याच्यावर टेकवला. लमार त्यांना मागं ओढायला पुढं झाला, पण थांबला. त्या रडत नव्हत्या.

"किती गार पडलायस रे," त्या पुटपुटल्या. "बर्ल... मी नाही येत. एवढ्यात नाही. हा म्हातारा आहे ना, याचं बघायचंय. याच्यासाठीच गेलास तू. मग मी याला टाकून कशी येऊ?" थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "दार ठेवलंय मी. तुझ्यासाठी ठेवलंय. पण उघडायचं नाही."

जाळी बराच वेळ तशीच राहिली. मग ती सपाट झाली. पावलं दूर गेली नाहीत. नुसती ऐकू येईनाशी झाली. बेडकांनी पुन्हा सुरुवात केली. बाईंचा तळहात पांढरा पडला होता. लमारनं तो आपल्या दोन्ही हातांत धरून चोळला.

ऑक्टोबरमध्ये तो केक घेऊन सहज चक्कर मारायला गेला. बाईंच्या अंगावर मांस चढलं होतं. मोझेस आपल्या फळीवर पोट वर करून घोरत होता. कुंपणाकडची झडप त्याला इतकी आवडली होती, की दिवसातून वीस वेळा नुसता आत-बाहेर करायचा.

"आता झोप लागते," बाई म्हणाल्या. "शीळ येते, पण उठावंसं वाटत नाही. आणि ती दुसरी कडी लावलीस ना, ते फार बरं केलंस."

"कुठली?"

"ती बाहेरची. संध्याकाळी आपोआप पडते, सकाळी बघावं तर उघडी. आता माझा हात वर पोचला तरी दार हलत नाही. एकदा करून पाहिलं मी. तुला सांगितलं नव्हतं."

लमार उठून दाराशी गेला. जाळीपलीकडं, चौकटीच्या बाहेरच्या अंगाला, एक लोखंडी कडी होती. त्यानं ती कधी पाहिलीही नव्हती. गंजलेली, पण अगदी ओळंब्यात, केसभरही वाकडी नाही. स्क्रूंच्या खाचांत ओलं शेवाळ होतं.

"हो," तो म्हणाला. "मीच लावली."

त्याला निघायला हवं होतं, पण बाईंनी केक कापला, गप्पा लांबल्या, आणि बाहेरचा उजेड गेला. दोघं बसल्या जागेवरून बघत होते. बाहेर कुणी नव्हतं. गवत मात्र दारापाशी दबलं, जणू कुणीतरी पाठ घराकडं आणि तोंड पाण्याकडं करून उभं राहिलं. कडी फिरली, खट्कन बसली. मोझेसनं झोपेतच शेपटी दोनदा आपटली.

आणि तेव्हाच, लांब, तळ्याच्या अगदी मधोमध, शीळ वाजली.

"आली बघ," बाई शांतपणे म्हणाल्या आणि केकचा तुकडा त्याच्याकडं सरकवला. "रोज याच वेळेला."

लमारनं बशी घेतली नाही. तो दाराकडं बघत होता. दाराशी बर्ल असेल, तर तिकडं पाण्यात शीळ कोण घालत होतं? बाहेरची कडी बारीक थरथरत होती, पलीकडून कुणीतरी ती दोन्ही हातांनी, सगळा जोर लावून, बंद धरून ठेवावी तशी.