सामूचा बूट आणि पाच मिनीबस

"जुलैमध्ये चिखल?" भिंतीवरून वाकून एलियास म्हणाला. "एल आल्तोत कोरडा हिवाळा चालू आहे, दोन महिने थेंब पडलेला नाही."

खाली मिनीबसच्या थांब्यावर धुराची तपासणी चालली होती. नगरपालिकेच्या लुर्देस मॅडम सायलेन्सरमध्ये नळी खुपसून आकडे वाचत होत्या. ड्रायव्हरांच्या संघटनेशी करार झाला होता. नापास गाडी आठ दिवस पालिकेच्या वर्कशॉपमध्ये जाणार आणि इंजिन फुकट दुरुस्त होऊन येणार. ड्रायव्हरांना मात्र तो पोटावर पाय वाटत होता. मॅडमना बसायला कुणी खुर्चीसुद्धा दिली नव्हती.

"चार गाड्या, चारही पास," एलियासची मामेबहीण वारा म्हणाली. "आणि चारही गाड्यांच्या अंगावर रंगवलेला नंबर नेमका चिखलाने माखलेला."

खोकल्याच्या साथीमुळे हिवाळ्याची सुट्टी दोन आठवडे वाढली होती. बाकीची पोरं खूश होती, वारा नव्हती. थांबा तिच्या दारासमोरच होता. पहाटेपासून एकोणीस इंजिनं तिथे धूर ओकत उभी राहायची आणि आत तिचा तीन वर्षांचा भाऊ सामू श्वासासाठी तडफडायचा. पुन्हा झटका आला तर काही सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते.

पाचवी गाडी घेऊन ड्रायव्हर क्रिस्पिन आला. आरशाला लहान मुलाचा बूट लटकत होता. इथले ड्रायव्हर आपल्या पोराचा पहिला बूट असाच बांधतात. हा निळा होता आणि त्याचा पट्टा कुत्र्याने चावलेला होता.

"हा सामूचा बूट," वारा हळूच म्हणाली. "ही बाबांची गाडी आहे."

बाबांनी नुकतंच इंजिन उघडून साफ केलं होतं. म्हणून तीच एक गाडी रंगवलेला नंबर चिखलाखाली दडवून, दरवेळी कोपऱ्यामागे नंबरपाटी आणि ड्रायव्हर बदलून परत येत होती. बूट मात्र कुणी काढला नव्हता, कारण बापाखेरीज दुसऱ्या कुणी तो काढला तर पोरावर संकट येतं, असं सगळे मानत. लबाडी करायला न कचरणारे हे बाप्ये बुटाला घाबरले होते!

"तुझे बाबाच अडकतील," एलियास म्हणाला.

"अडकू देत." वाराने खाली उडी मारली. "क्रिस्पिनकाका, बूट कुणाचा?"

"माझ्या पोराचा. हो बाजूला."

"पोर कधी झालं?" एलियासने विचारलं. "आम्हाला बाप्तिस्म्याला बोलावलं नाहीत."

दोघे-तिघे हसले. संघटनेचा प्रमुख फोर्तुनातो हसला नाही.

"तुमच्याच पोराचा असेल तर काढून दाखवा," वारा म्हणाली.

"काढ रे, आणि या कार्टीचं तोंड बंद कर," फोर्तुनातो खेकसला.

क्रिस्पिनचा हात आरशापर्यंत गेला. तेवढ्यात समोरच्या घरातून सामूच्या खोकल्याची उबळ ऐकू आली. क्रिस्पिनने हात खाली घेतला. "मी नाही काढणार. तुम्हीच काढा."

फोर्तुनातो जागचा हलला नाही.

मॅडमनी वही मिटली. "म्हणजे एकच गाडी पाचदा! हे वर कळवलं तर तुमचा मार्गच रद्द होईल."

"कळवा. आम्ही रस्ता अडवू," फोर्तुनातो गरजला. "सगळ्या गाड्या एकदम वर्कशॉपमध्ये गेल्या तर आमचा मार्ग दुसरी संघटना गिळेल. तेव्हा तुम्ही जेवायला घालणार?"

गर्दीतून वाराचे बाबा पुढे आले. मान खाली होती.

"गाडी मीच दिली. नाही दिली तर रांगेत कायमचा शेवटी टाकीन म्हणाला हा फोर्तुनातो, आणि मी घाबरलो. माझंच पोर तिथे खोकतंय, तरी दिली." त्यांनी मॅडमकडे पाहिलं. "चार-चार गाड्या आत घ्या. बाकीच्या मार्ग सांभाळतील."

"लिहून देते," मॅडम म्हणाल्या. "पण गाड्या खऱ्या हव्यात."

संघटनेच्या रिवाजाप्रमाणे तिथेच हात वर करून बाबांच्या तोडग्यावर मतदान झालं. पहिला हात बाबांचा, दुसरा क्रिस्पिनचा. मग शिव्या देत देत आणखी अकरा हात वर गेले. नव्याने तपासणी झाली तेव्हा चौदा गाड्या नापास ठरल्या. सगळ्यात काळा धूर फोर्तुनातोच्या गाडीचा.

"पोरगी तुझ्याहून धीट निघाली," तो बाबांना चिडूनच म्हणाला.

"हो," बाबा म्हणाले. "मला शरम वाटते, आणि तिचा अभिमानही."

लबाडी पकडून दिली म्हणून मॅडमनी वारा आणि एलियासची नावं वहीत लिहून घेतली. थांब्यावर मात्र पुढे कित्येक दिवस त्या दोघांशी कुणी धड बोललं नाही.

सोमवारी पहाटे दारासमोर चार इंजिनं कमी होती. सामू दोनदा खोकला, कुशीवर वळला आणि पुन्हा शांत झोपला.