गाडीत अर्थ न्हाय

गाडी बंद पडली ती नेमकी सिद्धेश्वर तळ्याच्या काठी, भर बाजाराच्या दिवशी, आणि चालवत होते मी!

एकोणीसशे चौतीस साली मोटार चालवणारी मुलगी दिसली की सोलापुरातही लोक थांबून बघत. बंद पडलेल्या मोटारीतली मुलगी म्हणजे तर फुकटचा तमाशाच. आमचे दिवाणजी महिपती हॅण्डल फिरवून फिरवून घामाघूम झाले होते. मी सेल्फ दाबत होते. आतून नुसतं 'कट्' व्हायचं आणि पुन्हा शांत. मला रडूच यायचं बाकी होतं, कारण आमच्या दुधनीहून निघतानाच वडलांनी, अप्पांनी, बजावलं होतं, "दाक्षायणी, ह्या खेपेला गाडी अडली, तर इकून टाकीन बघ!" गाडी गेली की माझं गावाबाहेर पडणंही संपलं. मग उरलं काय, तर अंगण आणि अप्पांच्या आडतीतली पोती.

"अक्—"

मी वळून पाहिलं. 'अक्का' म्हणायचं त्याच्या ओठांवर आलं होतं, पण माझ्याकडं बघून त्यानं ते गिळलं. तेवढ्या रागातही मला बरं वाटलं! उंच, सावळा, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. नाव संगप्पा, स्टेशनच्या वाटेवर त्याचं मोटारदुरुस्तीचं दुकान. त्यानं पायाखालची फळी उचलली, बॅटरीपाशी खुडबुड केली आणि हसत उभा राहिला.

"गाडीत अर्थ न्हाय."

"काय?" माझा पारा चढला. "तुमच्या बोलण्यात तरी कुटं हाय?"

तो इतका मोकळा हसला, की मला राग धरून ठेवणं अवघड झालं.

"तो अर्थ न्हवं! आमच्या धंद्यातला... इंग्रजी. बॅटरीतनं वीज निघती, दिव्याला जाती, सेल्फला जाती. पण तिला परत घरला यायला वाट नको? ती वाट म्हंजे गाडीचं लोखंडी अंग. त्याला बॅटरीशी बांधणारी पट्टी तुटलीया. तिलाच आमी अर्थ म्हनतो."

तांब्याच्या तारांची ती पट्टी त्यानं माझ्या तळहातावर ठेवली.

"ही तर विणलीय!"

"सोलापूर हाय. हितं समदं इणूनच मिळतं."

पट्टी देताना त्याची बोटं जरा रेंगाळली... की मलाच तसं वाटलं?

"मग बसवा की नवी."

तो घुटमळला. "नवी... उद्या सकाळी. तुमी सवता या. म्हंजे — चालवून बघाया."

दहाजणांनी ढकलत गाडी त्याच्या दुकानात नेली. मी नागम्मा आत्याकडं मुक्कामाला राहिले आणि संगप्पाचं म्हणणं अप्पांना सांगायला महिपती आगगाडीनं दुधनीला गेले.

सकाळी मी नवी इरकल नेसले. आत्या म्हणाली, "मोटार बघाया चाललीस, का देवाला?" मी पदर सावरत सटकले.

दुकानात पाऊल टाकलं आणि दारातच थबकले. अप्पा आले होते! शेजारी तेलगिरणीवाले बसलिंगप्पा, आणि दोघांचेही उजवे हात अप्पांच्या उपरण्याखाली. मी आडतीत वाढलेली, माझ्या गाडीचा सौदा चाललाय हे कळायला मला वेळ लागला नाही. उपरण्याखाली बोटं दाबून भाव ठरतो, आणि ठरला की अप्पांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

"अप्पा!"

अप्पांनी न बघताच डावा हात वर केला. गप्प! हात उपरण्याखाली असताना तिसऱ्यानं बोलायचं नसतं. संगप्पा कोपऱ्यात हातातलं फडकं पिळत उभा होता. त्यालाही असंच गप्प केलेलं दिसत होतं.

"म्या शब्दाला शब्द सांगितला की," महिपती माझ्या कानाशी कुजबुजले. "मिस्त्री म्हनला, गाडीत अर्थ न्हाय."

अरे देवा! अप्पांनी निरोपाचा सरळ मराठी अर्थ लावला होता!

पण बंदी बोलायची होती, गाडी सुरू करायची नव्हती. नवी पट्टी बसली असेल, ह्या भरवशावर मी उडी मारून आत बसले आणि सेल्फ दाबला. गाडी एका दमात धडधडली! मी हॉर्नवर असा हात दाबला, की अप्पा दचकले आणि त्यांचा हात उपरण्याबाहेर आला.

"मोडला की सौदा!" बसलिंगप्पा ओरडले.

आता बोलायला सगळेच मोकळे. संगप्पानं अर्थाचा अर्थ सांगितला आणि अप्पा हसत सुटले. "आन् म्या एका पट्टीपायी गाडी इकत होतो व्हय!" मग रुसलेल्या बसलिंगप्पांची समजूत काढायला ते त्यांना आणि महिपतींना घेऊन समोरच्या हॉटेलात चहाला गेले.

आम्ही दोघंच उरलो. संगप्पा उगाचच बॉनेट पुसत होता.

"एक सांगायचं हाय... पट्टी कालच हुती माझ्यापाशी. खुंटीला."

"मग उद्या या का म्हणालात?"

"काल बसवली असती, तर तुमी कालच गेला असता."

माझ्या कानशिलांवर ऊन चढलं. "तुमच्यापायी माझी गाडी जात होती!"

"ठावं हाय. मघापासनं जीव थाऱ्यावर न्हवता." त्यानं पहिल्यांदाच सरळ माझ्या डोळ्यांत पाहिलं. "पर खोटं कसं बोलू? तुमी मला लई आवडलाय... दाक्षायणी."

मला भांडायचं होतं. खरंच! पण इतका आनंद झाला होता, की मला हसूच फुटलं. तेवढ्यात समोरून अप्पा येताना दिसले.

"ऐका," मी घाईघाईनं म्हणाले, "आता गाडी बिघडायची वाट बघू नका. सोमवारी दुधनीला या. अप्पा घरीच असतात. आणि एकटे येऊ नका."

"मग?"

"आईला घेऊन या."

तो हातात फडकं धरून गाडीपुढं तसाच उभा राहिला. अप्पा शेजारी येऊन बसले, तरी हलेना. मी हॉर्न दिला.

"व्हय!" तो एकदम ओरडला. "सोमवारी! व्हय!" आणि टुणकन बाजूला झाला.

अप्पांनी माझ्याकडं पाहिलं. "सोमवारी काय हाय गं?"

"पाव्हणं येणार हायेत, अप्पा," मी म्हणाले, आणि गाडी सोडली.