जिवंत वंगण

वैखरी नाईकवाडीने जॅकवर चढवलेल्या गाडीचं पुढचं चाक दोन्ही हातांनी धरलं आणि हळूच फिरवलं. आतून खरखर ऐकू आली, जात्यात खडा सापडावा तशी. तिने चाक थांबवलं, वरून-खालून धरून हलवून पाहिलं. ते डुगडुगलं.

"हेही गेलं," ती म्हणाली.

मंगळावरच्या गेरूमाळ वसाहतीत अशा पाच गाड्या होत्या. रस्ता माहीतच नसलेल्या मुलखात दगडधोंड्यांतून चालणाऱ्या, सहा चाकांच्या, म्हणून त्यांना भूचर म्हणत. साठ किलोमीटरवरच्या खाणीतून बर्फ आणायचा तो याच गाड्यांनी. त्या बर्फाचं पाणी, आणि त्या पाण्यातूनच श्वासाची हवा. वसाहतीत त्रेचाळीस माणसं होती आणि वैखरी त्यांची मिस्त्री.

शेजारच्या टेबलाशी डॉ. रेमंड डाबरे सूक्ष्मदर्शकावर वाकले होते. वसईचे, साठीला आलेले, सूक्ष्मजीवांचे अभ्यासक. चाकातून काढलेल्या वंगणाचा ठिपका त्यांनी तिसऱ्यांदा पाहिला आणि मान हलवली.

"एकही जिवंत नाही."

वसाहतप्रमुख हेमांगी दातार दाराशी उभ्या होत्या. पृथ्वीवरून येऊन त्यांना जेमतेम तीन महिने झाले होते. "मला एकदा नीट समजावून सांगा," त्या म्हणाल्या. "साधं ग्रीस का चालत नाही?"

"भरलंय ना," वैखरी म्हणाली. "पण इथल्या थंडीत ते घट्ट होतं, आणि धूळ एकदा आत शिरली की बाहेर येत नाही. तीनशे किलोमीटर कशीबशी जाते गाडी. मग रोलर बेअरिंगच खायला लागतात. नव्या बेअरिंगच्या चार जोड्या उरल्यात, आणि मालवाहू यान यायला आठ महिने."

"आणि हे जिवंत वंगण?"

डाबरे खुर्चीवर वळून बसले. "थंड समुद्राच्या तळाशी राहणाऱ्या जिवाणूंचा वंश आम्ही बदलून घेतला. बेअरिंग फिरतं तेव्हा रोलर त्यांच्यावरून जातात. तो दाब हीच त्यांची भूक आणि तेच जेवण. दाब पडला की ते बुळबुळीत रस सोडतात. झिजलेल्या लोखंडाचा कीस खातात, धुळीचा कण आला तर त्याला रसात गुंडाळून सीलच्या बाहेर ढकलतात. चाक जितकं फिरेल तितकं ते वाढतात. चाक इतकं हलकं होतं की फुंकर मारली तरी फिरावं."

"आणि चाक थांबलं तर?"

"चाळीस दिवस तग धरतात. एकेचाळिसाव्या दिवशी काही उरत नाही."

मागचं धुळीचं वादळ एकसष्ट दिवस चाललं होतं. सूर्य दिसेना, वीज पुरेना. गाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. वंगणाचं विरजण सांभाळणारी दोन लहान पिंपं रात्रंदिवस फिरत असत. ती चालू ठेवायची की हरितगृह ऊबदार ठेवायचं, एवढंच ठरवायचं होतं. पिंपं थांबवण्याच्या हुकमावर डाबऱ्यांची सही होती. माणसं जगली.

"अक्कांच्या गाडीत बेअरिंगची अख्खी पेटी होती," वैखरी म्हणाली. "बारा जोड्या. सीलबंद. त्यांना काही झालं नसणार."

अक्का म्हणजे शेवंता घोरपडे, कोल्हापूरच्या. हे वंगण डाबऱ्यांनी प्रयोगशाळेत घडवलं, पण ते चाकात नांदवलं शेवंताक्कांनी, आणि वैखरीच्या हातात पाना दिला तोही त्यांनीच. सात वर्षांपूर्वी त्या नव्या खाणीच्या शोधात एकट्या गेल्या आणि वादळात सापडल्या. त्यांचा निरोप तुटक आला होता. "गाडी कलंडलीया. मी धड हाय. हवा चौदा तासांची." जागा कळली होती, दोनशे दहा किलोमीटरवर. तेव्हाच्या बॅटऱ्या वाटेत उन्हावर भरत नेल्या तरच तेवढ्या चालत, आणि वादळात ऊन कुठलं, कुणाला सोडणार? वादळ दीड महिन्याने निवळलं. गेलेल्या माणसासाठी गाडी धोक्यात घालायची नाही हा वसाहतीचा नियम होता, म्हणून त्यानंतरही कुणी गेलं नाही.

"बेअरिंगसाठी जा," हेमांगीबाई म्हणाल्या. "नियमात बसतं."

डाबरे सूक्ष्मदर्शक पुसत होते. "मीही येतो," ते म्हणाले.

दोघं सकाळी निघाले. आभाळ पातळ गुळवण्याच्या रंगाचं होतं आणि सूर्य त्यात लहानसा, दूर गेल्यासारखा. गाडी टेकाड चढे, उतरे, पुन्हा चढे. कुठे आवाज नाही, कुठे सावली हलत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तर वैखरीला वाटलं की आपण चालतच नाही आहोत, जमीनच सावकाश मागे सरकते आहे. डाबरे अधूनमधून डुलकी घेत आणि जागे झाले की विचारत, "आलं का?"

एकशे ऐंशी किलोमीटरवर पुढचं उजवं चाक किंचाळायला लागलं.

वैखरीने गाडी थांबवली. चाकाभोवती दाबतंबू फुगवला. त्याच्या पारदर्शक कापडाच्या आत हवा भरली की हातमोजे काढून काम करता येई. गाडी जॅकवर घेतली, चाक उतरवलं. टोपी काढली, मधला नट सोडला, वायसर काढला. बाहेरचं बेअरिंग तळहातावर घरंगळत आलं. हब ओढला, पहारीच्या टोकाने सील उचकटला, आतलं बेअरिंग सुटलं. दोन्हींचे रोलर निळे पडले होते, जळाल्याची खूण. मग तिने जुनं काळं ग्रीस फडक्याने पुसून काढलं, कडेकडेने, काही घाई न करता.

नवं बेअरिंग तिने डाव्या मुठीत धरलं. उजव्या तळहातावर ग्रीसचा गोळा घेतला आणि बेअरिंगची कड त्यात दाबत राहिली, रोलरांच्या फटींतून ग्रीस पलीकडे डोकावेपर्यंत. थोडं फिरवायचं, पुन्हा दाबायचं.

"यंत्राने होत नाही का हे?" डाबऱ्यांनी विचारलं.

"होतं. पण अक्का करू द्यायच्या नाहीत. म्हणायच्या, हाताला कळतंय ते यंत्राला कळत न्हाई. कुठं भरलं, कुठं पोकळ ऱ्हायलंय."

"मी तिला चौदा तास काय करायचं ते सांगू शकलो नाही," डाबरे एकदम म्हणाले. "संपर्काच्या खोलीत मीच होतो. वादळाची खरखर सुरू होती. तिचं बोलणं मला पोचत होतं, माझं तिला नाही. मी आपला बोलत राहिलो. तिसऱ्या तासाला तिचा आवाजही गेला. तरी बोलत राहिलो."

वैखरीने नट आवळला, मग पाव फेरा सैल केला. चाक फिरवून पाहिलं. निमूट फिरलं. तिने त्यांच्या हातात फडकं दिलं आणि तंबूची हवा सोडली.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते शेवटच्या चढावर आले. खाली उथळ दरी होती, आणि दरीत काहीतरी चमकलं. मिटलं. पुन्हा चमकलं.

"आरसा?" डाबरे म्हणाले.

वैखरीने गाडी उतारावर घेतली. जवळ जाता जाता तिचा पाय आपोआप वेगाच्या पेडलवरून उठला.

अक्कांचा भूचर डाव्या कुशीवर रेलला होता. मागचा आस मोडलेला. उजव्या बाजूची चाकं जमिनीपासून हातभर वर होती. पुढच्या उजव्या चाकाला दाबतंबूचं चंदेरी अस्तर कापून सहा शिडं बांधली होती, भिरभिऱ्याला पाती असावीत तशी. आणि चाक फिरत होतं. इतकं सावकाश की एक शीड वर येऊन खाली जाईपर्यंत माणसाचे दहा श्वास व्हावेत. प्रत्येक शिडावर क्षणभर ऊन येई आणि ओसरे.

दोघं खाली उतरले. मंगळावरचा वारा असा की अंगावरून गेला तरी कळत नाही; सुटं पीस कसंबसं हलावं. दुसरं कुठलंही चाक त्या वाऱ्याने फिरलं नसतं.

"जिवंत आहे," डाबरे पुटपुटले. शिरस्त्राणातल्या रेडिओवरून त्यांचा आवाज कापत आला. "वैखरी, ते जिवंत आहे! वारा चाक फिरवतो म्हणून ते जगलं, आणि ते जगलं म्हणून एवढ्याशा वाऱ्याने चाक फिरतं. सात वर्षं!"

शेवंताक्का चाकासमोर एका खडकाला टेकून बसल्या होत्या. शिरस्त्राणाच्या काचेवर तांबूस धूळ होती, हात मांडीवर. काम झाल्यावर टेकावं तशा. डाबरे त्यांच्याजवळ गुडघ्यांवर बसले.

"तिने आपल्यासाठी राखून ठेवलं," ते म्हणाले. "तिला कळलं होतं की कधीतरी आपण हे घालवून बसू. चौदा तासांत तिने आपला विचार केला."

वैखरी चाकाभोवती फिरली, शिडांच्या गाठी पाहिल्या, त्यांची दिशा पाहिली. शिडं वाऱ्याला बरोबर आडवी नव्हती. सगळी वर, आभाळाकडे कललेली होती. त्याने चाक थोडं हळू फिरत असणार. अक्कांच्या हातून अशी चूक होणं शक्य नव्हतं. मग तिला कळलं, आणि तीही खाली बसली.

"डॉक्टर, चांदी आभाळाकडे केलीय. वरून फिरणाऱ्या उपग्रहांना, आपल्या कक्षानेत्रांना, दिसावी म्हणून. स्थिर वस्तू दगडांत हरवते, हलती चमक हरवत नाही." तिने वर बोट दाखवलं. "वंगण राखायला नाही केलं हे. आपला निरोप पोचला की नाही ते त्यांना ठाऊक नव्हतं. त्या आपल्याला बोलावत होत्या."

डाबऱ्यांनी वर पाहिलं. कक्षानेत्रं रोज दोनदा या दरीवरून जात. दीड महिना त्यांना धुळीखेरीज काही दिसलं नाही. पुढे दिसलं असतं. पण तोवर त्यांनी कुठे पाहायचं ते वसाहतीने बदललं होतं. बर्फ होता त्या दिशेला. चौदा तासांसाठी मारलेली हाक सात वर्षं चालू राहिली होती, कारण ती थांबायची रीतच या वंगणाला ठाऊक नव्हती.

बऱ्याच वेळाने डाबरे उठले. "नमुना कसा घ्यायचा?"

"नमुना नाही. सगळंच घ्यायचं. पाच गाड्यांना विरजण लागेल." वैखरी चाकाकडे गेली.

"थांबवणार?"

"हब खोलायचा तर थांबवावंच लागेल."

तिने हात पुढे केला. वर येणारं शीड तळव्याला लागलं, अगदी हलकं, आणि तिथेच टेकलं. दरीत हलणारं काही उरलं नाही.

"आलो, अक्का," ती म्हणाली.

तंबू फुगवून तिने नट सोडला. बेअरिंग हातावर आलं ते नव्यासारखं, रोलर पाण्याने धुतल्यासारखे. वंगण मधाच्या रंगाचं होतं आणि बोटांना किंचित कोमट लागलं. खरंच लागलं की तिला वाटलं, ते तिने कधी नक्की सांगितलं नाही. अक्कांच्या गाडीतून आणलेल्या पेटीतली नवी बेअरिंग काढून तिने ते तळहाताने त्यांत भरलं, आपल्या गाडीच्या सहाही चाकांत, थोडं थोडं. डाबऱ्यांनी फडकं धरलं. मग दोघांनी मिळून खडकाच्या कुशीत अक्कांसाठी जागा खणली. त्यात दिवसाचा उरलेला प्रकाश गेला.

सकाळी निघताना डाबरे त्या उघड्या आसापाशी रेंगाळले. "एक जोडी भरून चाक परत चढवू या का? शिडं आहेत. फिरत राहील."

वैखरी गाडीत बसली होती.

"नको, डॉक्टर. आता कुणाला बोलवायचं?"

ते येऊन शेजारी बसले. तिने गाडी चालू केली. पहिले काही किलोमीटर चाकं कुरकुरली, मग कुरकुर विरत गेली, आणि दुपारपर्यंत गाडी इतकी निःशब्द चालू लागली की डाबऱ्यांनी दोनदा विचारलं, आपण थांबलो आहोत का.